बेसबॉलच्या नियतकालिकातला एक उन्हाळा : एका इंटर्नशिपचं प्रकरण

मुलगी अमरावतीची. संख्याशास्त्रात बी.एस्सी., विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारी. ऑगस्ट २०२२ मध्ये स्पोर्ट मॅनेजमेंटच्या एम.एस.साठी मॅसॅच्युसेट्समध्ये आली. २०२३ च्या उन्हाळ्यात एका बेसबॉल नियतकालिकात दहा आठवडे इंटर्न होती, आणि तिथून पुढे बेसबॉलच्या एखाद्या क्लबच्या फ्रंट ऑफिसात (म्हणजे संघ चालवणाऱ्या व्यवस्थापनात) शिरायचं असा तिचा बेत होता. आज ती क्लबमध्ये नाही. पत्रकारितेतही नाही. पण खेळाच्या धंद्यात आहे आणि पगारावर आहे. मधल्या काळात काय कुठे वळलं, याची ही नोंद.

ती मला मामा म्हणते. नातं तसं लांबचं. माझं रोजचं काम एका कॉलेजच्या करिअर ऑफिसात (तिच्या नव्हे) इंटर्नशिपचे कागद तपासण्याचं, आणि त्याआधी काही वर्षं मी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो. तिच्या परवानगीने लिहितोय. नाव, विद्यापीठ, नियतकालिक आणि नंतरची कंपनी यांची ओळख मुद्दाम गाळली आहे.

भरवसा कशाचा होता

तिचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. किम अँगची गोष्ट तिला तोंडपाठ होती: शिकागो विद्यापीठात सॉफ्टबॉल खेळलेली मुलगी, पदवीनंतर शिकागो व्हाइट सॉक्समध्ये इंटर्न, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मायामी मार्लिन्सची जनरल मॅनेजर. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. ही गोष्ट सांगताना भाचीबाई पहिली पायरी आणि शेवटची पायरी तेवढी सांगायच्या. मधली तीस वर्षं मला आठवण करून द्यावी लागायची.

नियतकालिकाची वाटही तिने शोधून काढली होती. 'बेसबॉल प्रॉस्पेक्टस' १९९६ मध्ये सुरू झालं, तेव्हा तो आकड्यांचं वेड असलेल्या काही मंडळींचा हौशी उद्योग होता. तिथे लिहिणारा कीथ लॉ २००२ मध्ये टोरंटो ब्लू जेजकडे गेला. येलमध्ये अभिजात भाषा शिकलेला हाइम ब्लूम तिथेच लिहायचा. २००५ मध्ये टँपा बेच्या क्लबात इंटर्न म्हणून लागला आणि २०१९ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सचा बेसबॉल विभाग त्याच्या हातात आला. जेम्स क्लिक त्याच वाटेने टँपा बेला गेला, २०२० मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजचा जनरल मॅनेजर झाला आणि २०२२ ची वर्ल्ड सिरीज जिंकला. ही नावं वाचली की कुणालाही वाटेल, मासिकात शिरा, लेख लिहा, क्लब आपणहून फोन करेल.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. २००२ ते २००५ च्या सुमारास बऱ्याच क्लबांकडे आकडे वाचणारा एखाददुसरा माणूस असायचा, कुठे तोही नसायचा. बाहेर लिहिणाऱ्यांना क्लबपेक्षा खरोखर जास्त कळत होतं, म्हणून क्लबांनी त्यांना उचललं. २०१५ मध्ये मेजर लीगच्या (बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगच्या) सगळ्या मैदानांवर चेंडू आणि खेळाडूंच्या हालचाली मोजणारं स्टॅटकास्ट आलं, २०२० मध्ये त्यात हॉक-आयचे कॅमेरे बसले, आणि आता पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कोपराचा कोन क्षणाक्षणाला मोजला जातो. त्यातला थोडा भाग लोकांना बघायला मिळतो, बाकी क्लबच्या तिजोरीत राहतो. एकेका क्लबात आकडे वाचणारी माणसं डझनाने बसतात, त्यांत पीएच.डी. झालेलीही. लेखकाकडे आज क्लबला नसलेली माहिती फारशी नसते. म्हणजे जी वाट ती नकाशावर पाहत होती, ती वीस वर्षांपूर्वी रुंद होती.

पदवी निवडतानाही असंच झालं. अमेरिकेत स्पोर्ट मॅनेजमेंट हा विषयच बेसबॉलच्या गरजेतून आला. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी १९५७ मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकांना असा अभ्यासक्रम काढायला सुचवलं आणि १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात तो सुरू झाला. इतिहास मोठा आहे, पदवीला मानही आहे. पण परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या पदवीचा सरकारी वर्ग कोणता, हा प्रश्न तिने विचारला नव्हता, आणि अमरावतीच्या ज्या सल्लागाराने तिचे अर्ज भरले त्यानेही नाही. तो प्रश्न पुढे येईल.

काम काय होतं

नियतकालिक मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या), कॉलेज बेसबॉल आणि ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) यांच्यावर चालणारं. वाचक दोन प्रकारचे: हाडाचे शौकीन, आणि स्वतः धंद्यात असलेले स्काउट (क्लबांसाठी खेळाडू हेरणारे) आणि एजंट. दुसऱ्या प्रकारच्या वाचकासमोर चूक केली की तो फोन करून सांगतो.

तिला दोन कामं दिली होती. दिवसा ड्राफ्टच्या यादीची पडताळणी: शेकडो होतकरू खेळाडू, प्रत्येकाची उंची, वजन, गाव, कॉलेज, कोणत्या हाताने टाकतो, कोणत्या हाताने मारतो. संध्याकाळी केप कॉड लीगचे सामने. ही मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची दहा संघांची उन्हाळी लीग. देशभरातले निवडक कॉलेज खेळाडू इथे येतात, अॅल्युमिनियमची बॅट सोडून लाकडी बॅटने खेळतात, गावातल्या कुटुंबांकडे राहतात. तिकीट नसतं. लोक घरून खुर्च्या आणतात. होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे मात्र चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेऊन स्काउटांची रांग बसलेली असते, आणि ती रांगच लीगचं खरं महत्त्व सांगते.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "अगं, तिथे मुली असतात का?" असतात, पण कमी. हा प्रश्न अमेरिकेतही जुना आहे. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मेलिसा लुट्की या पत्रकार बाईंना खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊ दिलं नव्हतं. त्या कोर्टात गेल्या आणि १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. केप कॉडवर ती भानगडच नाही. मुलं डगआउटबाहेर गवतावर बसून बूट बदलतात आणि सामना संपला की मैदान स्वतः सारखं करतात.

कोटुइट गावच्या लोवेल पार्कला दिवे नाहीत, त्यामुळे तिथला सामना दिवस मावळायच्या आत उरकावा लागतो. चारी बाजूंनी पाइनची झाडं. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिच्या उजव्या हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर वही. बॅटर चेंडू मारून धावला की बॅटला चेंडू लागल्याच्या आवाजावर बटण दाबायचं आणि पहिल्या बेसवर पाय पडला की परत दाबायचं. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे सरासरी धाव. डावखुरा पहिल्या बेसच्या जवळ उभा असल्याने त्याला ४.२. स्काउटांच्या २० ते ८० च्या मापात सरासरीला ५० म्हणतात, म्हणून ४.३ च्या समोर ती ५० लिहायची. मला वाटलं एवढंच असेल. पण पहिल्या बेसवर धावपटू आला की तो दुसऱ्याकडे पळू शकतो आणि त्याला बाद करायला कॅचर तिकडे चेंडू फेकतो, म्हणून ती बॅटरकडे बघणंच सोडून द्यायची. कॅचरच्या मिटमध्ये चेंडू थडकल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. दोन सेकंद ठीक, १.९ उत्तम. स्वतः कॅचर राहिल्यामुळे चेंडू बाहेर काढताना त्याचं पाऊल कुठे पडलं हेही ती लिहायची. शेजारचा म्हातारा स्काउट पाचव्या इनिंगपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग त्याने तिच्या वहीत डोकावून तिची वेळ विचारली आणि आपल्या वेळेशी ताडून पाहिली. मला तो तिच्या संपूर्ण उन्हाळ्यातला सर्वांत मोठा मान वाटला. तिला वाटला नाही. तिला बायलाइन, म्हणजे लेखावर स्वतःचं नाव, हवी होती.

बायलाइन मोजक्याच मिळाल्या. सामन्यांचे छोटे वृत्तांत, दोन-तीन खेळाडूंच्या मुलाखती. लिखाण स्वच्छ होतं. विशेष नव्हतं, हे मी उपसंपादक म्हणून सांगतोय आणि तिने ते ऐकून घेतलंय.

विशेष होतं ते पडताळणीचं काम. जूनच्या शेवटी तिच्यासमोर एका पिचरची ओळ आली. आकडे चांगले, बळी भरपूर, इनिंग जरा जास्तच. दुसऱ्या कुणी पुढे सरकवली असती. तिने सामन्यागणिक तक्ता उघडला तर गड्याने एकाच शनिवारी दोन वेगवेगळ्या राज्यांत सामन्यातला पहिला पिचर म्हणून चेंडू टाकलेले. एकाच नावाचे दोन मुलगे होते, एक बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात, एक मोठ्या विद्यापीठात. एक डावरा, एक उजवा. आकडे आणताना कुठेतरी दोघांची ओळ एक झाली होती. त्यानंतर तिने यादीतली सगळी सारखी नावं वेगळी काढली आणि एक स्वतंत्र तक्ता ठेवायला सुरुवात केली: कुठल्या स्रोतात काय लिहिलंय, कुठे जुळत नाही, शेवटी कुणाला फोन करून काय खरं ठरलं. उंचीचा रकाना सगळ्यांत रंगीत. कॉलेजं आपल्या पोरांना एक-दोन इंच फुकट देतात, हे धंद्यातलं उघड गुपित आहे.

हा तक्ता तिला कुणी करायला सांगितला नव्हता. संपादकांनी पाहिला, छान म्हणाले, आणि ड्राफ्ट जवळ आल्याने विषय तिथेच राहिला.

पैशाची बाजू

घरच्यांशी बोलताना हा भाग झाकला जातो, म्हणून आकडे देतो. तासाला १५ डॉलर, जे २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सचं किमान वेतनच होतं. आठवड्याला २० तास, दहा आठवडे. एकूण ३,००० डॉलर, करापूर्वी, जादा तास वेगळे. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायचं तर सीपीटी नावाची परवानगी लागते. ती मिळायला आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं आणि काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं. म्हणून तिने इंटर्नशिपचे क्रेडिट नोंदवले आणि त्याची उन्हाळी फी भरली, दीड हजार डॉलरच्या आसपास. कमाईतला निम्मा पैसा विद्यापीठात परत. केप कॉडवर उन्हाळ्यात खोली म्हणजे पर्यटकांच्या भावाने. हायानिसमध्ये तिघींनी मिळून एक खोली घेतली. गाडी नाही, बस रात्री मिळेलच असं नाही, म्हणून सामन्यानंतर कुणाच्या तरी गाडीत जागा शोधायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नियतकालिकाच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी फुकट राबवलं नाही. अमेरिकेत बिनपगारी इंटर्नशिप पूर्ण बंद नाही. २०१५ मध्ये एका चित्रपट कंपनीच्या इंटर्नांच्या खटल्यात अपील कोर्टाने असा निकष घातला की खरा फायदा कुणाचा होतोय ते पाहावं, विद्यार्थ्याचा की मालकाचा. २०१८ मध्ये केंद्रीय कामगार खात्यानेही तोच निकष उचलला. क्रेडिट मिळत असलं की पारडं 'विद्यार्थ्याचा फायदा' याकडे झुकतं. त्यामुळे क्रेडिट देऊन पगार टाळणारे बरेच आहेत. इथे पगारही होता आणि ड्राफ्टच्या आठवड्यातले जादा तास नोंदवून त्याचे पैसेही मिळाले.

घरी मात्र कर्जाचं व्याज चालू होतं. वडील बँकेतले. मुलीचा हिशेब त्यांनी कधी विचारला नाही, पण माझा फोन आला की हळूच विचारायचे, "याच्यातून पुढे काही निघेल का हो?"

१० जुलैचा सोमवार

२०२३ चा ड्राफ्ट ९ ते ११ जुलैला सिअॅटलमध्ये झाला. रविवारी रात्री पिट्सबर्गने पहिल्या क्रमांकावर पॉल स्कीन्सला उचललं, वॉशिंग्टनने दुसऱ्यावर डिलन क्रूजला. दोघे लुइझियाना स्टेटचे, आणि एकाच कॉलेजचे दोघे पहिले-दुसरे जाण्याची ही पहिलीच वेळ. सोमवारी तिसरी ते दहावी फेरी. निवडी इतक्या भराभर होतात की नाव पुकारल्यावर खेळाडूची टिपणं काढून पानावर चढवायला मिनिटभरच मिळतं. ती सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेली.

त्याच सोमवारी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने जाहीर केलं की त्यांचा क्रीडा विभाग बंद होणार आणि खेळांच्या बातम्या 'द अॅथलेटिक'कडून घेणार. हे संकेतस्थळ त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला ५५ कोटी डॉलरला विकत घेतलं होतं. संपादकांच्या गटात दिवसभर दोनच विषय: पुढची निवड आणि ही बातमी. तिथल्या वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसांचे संदेश वाचून तिला पहिल्यांदा कळलं की ज्या खोलीत आपण शिरू पाहतोय तिथली मोठी माणसं दार शोधतायत. पुढच्या जानेवारीत 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मधल्या बहुतेकांना कपातीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस तिच्यापुढे तीन गोष्टी होत्या. नियतकालिकाने सांगितलं, हिवाळ्यात प्रत्येक क्लबच्या होतकरू खेळाडूंच्या याद्या निघतात, त्याला मदत कर, लेखागणिक पैसे. मायनर लीगच्या एका क्लबने पदवीनंतर तिकीट विक्रीत घेऊ म्हणून सांगितलं. थोडा पगार, बाकी कमिशन. आणि तिच्या एका प्राध्यापिकेने सुचवलं की बिझनेस अॅनालिटिक्सकडे वळ.

तिचा ओढा अर्थात पहिल्याकडे. तिकीट विक्रीला ती नाक मुरडत होती. माझं मत वेगळं होतं. क्लबमध्ये पाय ठेवायचा सर्वांत जुना आणि अजून उघडा असलेला दरवाजा तोच आहे. ज्याला माणसांशी बोलायची हौस आहे त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. पण तिच्यासाठी तो व्हिसाच्या हिशेबात बसत नव्हता, आणि त्या एका कारणाने मीही तो खोडला.

तो हिशेब असा. पदवीनंतर विद्यार्थ्याला ओपीटी म्हणजे १२ महिने काम करायची मुभा मिळते, आणि त्यात नोकरीविना ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. पदवी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. स्पोर्ट मॅनेजमेंट त्या यादीत नाही, तिच्या विद्यापीठाचा बिझनेस अॅनालिटिक्स होता. शिवाय एका पातळीच्या पदवीवर १२ महिन्यांची ही मुभा एकदाच मिळते. आधी एक एम.एस. पूर्ण करून ती वापरली आणि मग दुसरं एम.एस. केलं तर ती परत मिळत नाही. म्हणजे बदल करायचा तर हातातली पदवी पूर्ण होण्याआधी. बारा महिन्यांत बेसबॉलचा जेमतेम एक मोसम बसतो. मोसमी नोकरी सप्टेंबरअखेर संपली की ९० दिवसांचं घड्याळ सुरू, आणि क्लबांच्या पुढच्या भरतीच्या हालचाली हिवाळ्यात.

तिने लगेच ऐकलं नाही. वडील तर जास्तच नाराज. खेळाचं शिकायला पाठवलं, संगणकाचं इथे काय कमी होतं, असा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. मध्ये दोन बातम्या आल्या. १४ सप्टेंबरला रेड सॉक्सने हाइम ब्लूमला काढलं. १६ ऑक्टोबरला किम अँगने मार्लिन्स सोडले. त्या वर्षी संघ ८४ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला होता आणि मालकाला तिच्या डोक्यावर आणखी एक प्रमुख बसवायचा होता. भाचीने मला बातमीचा दुवा पाठवला, त्याखाली काही लिहिलं नाही. या बातमीने तिचा निर्णय झाला असं मी म्हणणार नाही. पण तोपर्यंत ती फक्त आत शिरण्याचा विचार करत होती. आत गेल्यावर टिकण्याचा प्रश्न तिच्या बोलण्यात यानंतर आला.

जानेवारी २०२४ मध्ये तिने विभाग बदलला. काही क्रेडिट वाया गेले, शिक्षण वर्षभर लांबलं, कर्ज वाढलं. नियतकालिकासाठी त्या हिवाळ्यात तिला काही करता आलं नाही, कारण प्रत्येक वेळी परवानगी, क्रेडिट, फी हे चक्र परत फिरवावं लागलं असतं.

क्लबची परीक्षा आणि नंतर

२०२४-२५ च्या हिवाळ्यात तिने क्लबांकडे अर्ज टाकले. क्लब आता बायोडेटा वाचून थांबत नाहीत, घरी करायची परीक्षा पाठवतात. तिला आलेल्या एकीत हजारो चेंडूंचा तक्ता होता: वेग, फिरकी, प्लेटवरची जागा, अंपायरने स्ट्राइक दिला (चेंडू मारण्याजोग्या चौकटीत होता) की बॉल (नव्हता). कॅचरने चेंडू झेलताना मिट कसं धरलं त्याने अंपायरचा निर्णय किती हलतो हे काढा, आणि जनरल मॅनेजरला समजेल असं एका पानात लिहा. शनिवार-रविवार जागून तिने केलं. ते पान मी वाचलंय, उत्तम होतं. नियतकालिकात बातमी कापून कापून लहान करायची सवय तिथे कामी आली. पुढची मुलाखतही झाली. मग अर्जातला तो नेहमीचा प्रश्न आला: आत्ता किंवा पुढे कधी व्हिसाची स्पॉन्सरशिप लागेल का? खरं उत्तर 'हो'. तिथे संपलं. काही क्लब तर जाहिरातीतच लिहून टाकतात. क्लबला दोष देऊन उपयोग नाही. इंटर्नच्या एका जागेसाठी शेकडो अर्ज असताना वकिलाचा खर्च कोण करेल?

मे २०२५ मध्ये पदवी झाली, ९० दिवसांतले निम्म्याहून जास्त दिवस संपले, आणि मग खेळांचा डेटा पुरवणाऱ्या एका कंपनीने बोलावलं. मुलाखतीत तिने आपलं स्ट्राइकचं मॉडेल दाखवलं. समोरच्या बाईंनी दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग एक तक्ता पुढे केला: खेळाडूंची नावं, जन्मतारखा, संघ. यात काय चुकलंय? तिने सारखी नावं, आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगं, एकाच दिवशी दोन ठिकाणी खेळलेले लोक काढायला सुरुवात केली आणि ओघात त्या दोन पिचरांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, नंतर काय केलंस? तिने २०२३ चा तो रंगीत तक्ता आठवणीतून मांडला: कुठला स्रोत का विश्वासाचा, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. नोकरी त्यावर मिळाली. बायलाइन कुणी विचारल्या नाहीत.

या ठिकाणी तिचं आणि माझं जमत नाही. माझं म्हणणं, तिने पहिल्यापासून अॅनालिटिक्स घेतलं असतं तर एक वर्ष आणि बरेच लाख वाचले असते. तिचं म्हणणं, स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये नसते तर त्या नियतकालिकाचं नावही कानावर आलं नसतं, आणि नुसतं अॅनालिटिक्स केलेल्या पोरांना एका ओळीत दोन माणसं आहेत हे दिसत नाही, कारण त्यांच्यासाठी ती नुसती ओळ असते. तिच्या वर्गातली दोन मुलं बँकांत लागली, पगार तिच्या दीडपट. हेही तीच सांगते, न विचारता.

कंपनीत तिच्याकडे खेळाडूंच्या ओळखीचं काम आहे: प्रत्येक खेळाडूला एकच क्रमांक, एकच जन्मतारीख, एकच उंची. उंचीला २०२६ पासून वेगळंच वजन आलंय. मेजर लीगमध्ये अंपायरच्या निर्णयाला आव्हान द्यायची यंत्रणा आली आहे आणि तिचा स्ट्राइक झोन बॅटरच्या मोजलेल्या उंचीवरून ठरतो: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी बॅटरला वरची कड साडेअडतीस इंचांवर येते. एक इंच फुगवून सांगितला तर झोनची वरची कड अर्ध्या इंचाने वर सरकते, त्यामुळे आता फुकटचा इंच कुणालाच परवडत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या (कंपनीने अर्ज करून मिळवायच्या नोकरीच्या व्हिसाच्या) नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा वडिलांनी रात्री दोनला फोन केला होता. अमेरिकेत आधीच विद्यार्थी म्हणून असलेल्यांना इथल्या इथे व्हिसाचा दर्जा बदलताना ते लागू नाही, असा खुलासा पुढच्या महिन्यात झाला. कंपनीने अर्ज करायचं मान्य केलंय. सरकार अर्जांतून चिठ्ठ्या काढतं, त्यात नाव निघणं न निघणं नशिबावर. एच-१बी मिळाला तर फक्त त्या कंपनीचंच काम करता येईल, बाहेरून मानधन घेणं बंद. नियतकालिकाचे संपादक अजून तिला लिहायला सांगतात. केप कॉडच्या कॅचरांवर एक लेख द्यायचा तिने शब्द दिलाय, आणि त्याची मुदत चिठ्ठ्यांचा निकाल लागायच्या आतली मागून घेतली आहे.